डिस्ट्रॉयर मोठं का फ्रिगेट मोठं? नेव्हीची जहाजं, आपल्या भाषेत

वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यात, गावात माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डाची केवायसी हे बारमाही, अन् मधेमधे अग्निवीरचे फॉर्म. फॉर्मवाले पोट्टे सकाळचं रनिंग करून घामेजलेले तसेच येतात, नेट गेलं की बेंचावर बसून एकमेकाला जीकेचे प्रश्न विचारत राहतात, अन् मग हमखास एक प्रश्न माझ्याकडे सरकतो, "भाऊ, डिस्ट्रॉयर मोठं का फ्रिगेट मोठं?"

उत्तर एका शब्दात देता येते, डिस्ट्रॉयर, अन् परीक्षेत त्याचा एक मार्कही भेटते, पण त्यानं समजत काहीच नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी मोबाईलवर पाठवून मोकळा.

आधी एक गंमत. आमच्या मोहल्ल्यातला एक पोट्टा नेव्हीत लागला. ट्रेनिंगला त्याला आयएनएस चिल्का इथं बोलावलं. त्याच्या मायनं गावभर सांगितलं, माझा लेक जहाजावर गेला. पुढं टीव्हीवर ओडिशाच्या चक्रीवादळाची बातमी आली तं काकू पदर खोचून धावतच दुकानात, "बापू, ते चिल्का बुडणार तं नाही न रे?" म्हटलं काकू, ते कसं बुडंल, ते जमिनीवर आहे, चिल्का सरोवराजवळ, नवीन पोरायले शिकवायचं ठिकाण आहे ते. काकूंना अर्धं पटलं, अर्धं नाही. त्यांची चूक नाही. आयएनएस म्हणजे इंडियन नेव्हल शिप, पण नेव्हीत जमिनीवरच्या ठाण्यालाही जहाजासारखंच नाव द्यायची पद्धत आहे, इंग्रजांच्या आरमारापासून चालत आलेली. लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी तसंच, तिथं जहाजाची इंजिनं शिकवतात, समुद्र दिसत पण नाही. एका गाईडमध्ये मी ते युद्धनौकांच्या यादीत छापलेलं पाह्यलं आहे, अन् पोट्टे तेच पाठ करून जातात.

आता टनाचं सांगतो, कारण पुढं सारखा येणार आहे. जहाज काट्यावर चढवून मोजत नाहीत. आमच्या इकडच्या ढिवर लोकांचा डोंगा पाह्यला असंल तुम्ही, रिकामा असला की पाण्यावर वर-वर तरंगतो, दोन माणसं अन् मासोळ्यांची टोपली चढली की खाली बसतो, अन् खाली बसून जेवढं पाणी त्यानं बाजूला सारलं तेवढंच त्या सगळ्याचं मिळून वजन. जहाजाचे टन म्हणजे हेच, बाजूला सारलेलं पाणी. अन् वेग नॉटमध्ये सांगतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. युद्धनौका जोरात पळाली तं २८-३० नॉट, म्हणजे ५०-५५ किलोमीटर, आपली लालपरी खराब रस्त्यावर जेवढी पळते तेवढंच. ऐकून पोट्ट्यांचं तोंड उतरते. पण लालपरी म्हणजे किती टनाची, अन् इथं हजारो टन लोखंड पाण्यात तेवढं पळते, ते पाहा न.

सगळ्यात मोठं जहाज म्हणजे विमानवाहू, एअरक्राफ्ट कॅरियर. आपल्याकडे दोन आहेत. विक्रमादित्य रशियाकडून घेतलेलं, २०१३ मध्ये नेव्हीत आलं, अन् विक्रांत आपण कोचीला बांधलेलं, २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झालं. विक्रांत २६२ मीटर लांब, ६२ मीटर रुंद, वजन ४३ हजार टनांच्या आसपास. धानाचा दहा टनी ट्रक धरा, चार हजार तीनशे ट्रक. आत १४ मजले, २३०० खोल्या, सोळाशे माणसं. आमचं गाव एवढं नाही.

हे समजायला सोपं आहे, हा पाण्यावरचा विमानतळ. पण विमानतळाचा रनवे दोन-तीन किलोमीटरचा असते अन् इथं सगळं जहाजच पाव किलोमीटर. मग उडवतात कसं? जहाजाचं नाक वर वळवलेलं आहे, घसरगुंडी उलटी लावल्यासारखं, विमान पळत येऊन त्याच्यावरून हवेत फेकलं जाते. शिवाय विमान उडवायच्या वेळी कॅप्टन जहाज वाऱ्याच्या तोंडाकडे वळवून जोरात पळवतो. लहानपणी पतंग उडवायला आपण वाऱ्याच्या उलट धावायचो न, तेच, पंखाखाली आयती हवा भेटते. अमेरिकेवाले नाक वर नाही करत, ते कॅटापल्ट लावतात, म्हणजे गलोलीनं गोटा मारावा तसं विमानाला ओढून सोडतात, त्यामुळं त्यांना जास्त जड विमान उडवता येते.

उतरणं याच्यापेक्षा अवघड. डेकवर आडव्या पोलादी दोऱ्या लावलेल्या असतात, विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, तो आकडा त्यातल्या एका दोरीत अडकला पाहिजे, अडकला की दोन-तीन सेकंदात विमान थांबते, शंभर मीटरच्या आत. अन् मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट ही की चाकं टेकताच पायलट ब्रेक मारत नाही, उलट इंजिन पूर्ण जोरात सोडतो. का, तं आकडा हुकला तं पुढं समुद्र आहे, तेव्हा परत उडता आलं पाहिजे. पोट्ट्यांना हे सांगितलं की दोन मिनिटं कोणी मोबाईल पाहत नाही.

पण कॅरियर एकटं जात नाही, कधीच नाही. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकात हीरो स्टेजवर येतो तेव्हा टाळ्या त्याला भेटतात, पण मंडप कोणी ठोकला, जनरेटर कोण पाहते, कनात चढून फुकट घुसणाऱ्या पोट्ट्यांना दंडा घेऊन कोण हाकलते? कॅरियरजवळ विमानं आहेत, पण स्वतःवर आलेलं मिसाईल अन् खालून आलेली पाणबुडी रोखायला त्याच्याजवळ फार थोडं आहे. ते काम बाकीच्यांचं. नेव्हीचा ताफा म्हणजे ही सगळी कंपनी, अन् बाकीची जहाजं समजून घ्यायची असली तं त्यांची लांबी पाठ करू नका, तीनच गोष्टी पाहा. वरून येणाऱ्याला कसं अडवते, समोरच्याला कसं मारते, अन् पाण्याखालच्याला कसं हुडकते.

डिस्ट्रॉयर हे तिन्ही करते. नावाची गोष्ट अशी की दीडशे वर्षांआधी टॉर्पेडो नावाचं पाण्यातून जाऊन फुटणारं हत्यार निघालं, ते घेऊन लहान लहान बोटी मोठ्या जहाजांच्या अंगावर धावू लागल्या, तं त्या बोटींना उडवायला वेगवान जहाज बनवलं, त्याचं नाव टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर. पुढं टॉर्पेडो बोट गळून पडलं अन् नुसतं डिस्ट्रॉयर राह्यलं. म्हणजे मूळचा तो राखणदारच, आजही तेच काम करतो, फक्त आता बोटींच्या जागी विमानं अन् मिसाईल आहेत. आपलं विशाखापट्टणम हे या जातीचं नवं जहाज, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बनलेलं, १६३ मीटर, ७४०० टन, विमान-मिसाईल पाडायची ३२ क्षेपणास्त्रं, अन् समोरच्याला मारायची १६, त्यांचं नाव ब्रह्मोस. त्याची भावंडं मुरगाव, इंफाळ अन् सुरत. नाव शहराचं दिसलं की बहुतेक डिस्ट्रॉयर समजा, कोलकाता, कोची, चेन्नई ही त्याच्या आधीची.

फ्रिगेट म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. पण किती धाकटा? जानेवारी २०२५ मध्ये आलेली निलगिरी ६६७० टनांची, तिच्यावरही ३२ क्षेपणास्त्रं, फक्त ब्रह्मोस आठ. म्हणजे फरक उरला तो आठाचा न सोळाचा, अन् थोड्या वजनाचा. आपल्याच नेव्हीत राजपूत नावाचं डिस्ट्रॉयर होतं, २०२१ मध्ये निवृत्त झालं, ते पाच हजार टनांच्या आसपास. म्हणजे आजचं फ्रिगेट कालच्या डिस्ट्रॉयरपेक्षा जड आहे! म्हणून म्हटलं की एका शब्दात उत्तर देण्यात मजा नाही. जपाननं तं कमालच केली, त्यांचं इझुमो पाहा, २४८ मीटरचं, वरून सपाट, विमानं उतरतील असं बदलणं चालू, सरळ सरळ कॅरियर दिसते, पण कागदावर त्याला डिस्ट्रॉयर म्हणतात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे कॅरियर हा शब्द अडचणीचा आहे. गावठाणातलं घर कागदावर गोठा दाखवतात तसं समजा.

फ्रिगेटची नावं बहुतेक दोन तऱ्हेची, डोंगर अन् हत्यारं, काही जुन्यांची नद्यांवरून पण आहेत. निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, तारागिरी एकीकडे, अन् तलवार, त्रिशूल, तबर, तरकश दुसरीकडे. हे ध्यानात ठेवलं तं पेपरातली बातमी वाचूनच जहाज ओळखता येते.

त्याच्याखाली कॉर्व्हेट. हे लहान, अन् सगळं करायच्या भानगडीत पडत नाही, एकच काम नीट करते. आपली कामोर्टा जातीची चार जहाजं फक्त पाणबुडी शोधायला बनवलेली आहेत, नावं बेटांची, कामोर्टा निकोबारचं अन् कदमत, किल्तान, कवरत्ती ही लक्षद्वीपची. पाणबुडी शोधतात आवाजानं. पाण्यात रडार चालत नाही, पण आवाज हवेपेक्षा चौपटीनं जास्त वेगात पळतो, तं एक तं कान लावून ऐकत बसायचं नाही तं स्वतः आवाज सोडून तो आपटून परत येते का ते पाहायचं, यालाच सोनार म्हणतात. जहाजावरचं हेलिकॉप्टर तं पाण्यावर एका जागी थांबून सोनार खाली सोडते, विहिरीत बादली सोडावी तसं, ऐकते, ओढून घेते, पुढं जाऊन परत सोडते. किचकट काम आहे, अन् समुद्राचं पाणी वर गरम खाली थंड असलं की आवाज वाकतो, पाणबुडी त्या थराखाली लपून बसते.

हे नाही जमलं तं काय होते ते आपण १९७१ मध्ये पाह्यलं. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ खुकरी हे आपलं फ्रिगेट पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं बुडवलं. १८ अधिकारी अन् १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. दीवला त्यांचं स्मारक आहे.

अन् त्याच्या पाचच दिवस आधी उलटी गोष्ट झाली होती. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात अन् वीर या आपल्या तीन मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला. बोटी कशा, तं जेमतेम दोन-सव्वादोनशे टनाच्या, तेलाची टाकी एवढी लहान की गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतचा रस्ता त्यांना दुसऱ्या जहाजांनी ओढत न्यावं लागलं, बंद पडलेला ट्रॅक्टर दोर लावून ओढतात तसं. पण अंगावर मिसाईल होती. त्यांनी खैबर नावाचं अख्खं डिस्ट्रॉयर बुडवलं. नौदल दिन ४ डिसेंबरला का, तं याच्यामुळं. लहान जहाज म्हणजे कमजोर, हे तेव्हापासून कोणी म्हणत नाही. मोठ्या तोफांच्या बॅटलशिपा याच कारणानं संपल्या, जपानचं यामातो जगातलं सगळ्यात मोठं बॅटलशिप होतं, ७० हजार टनांच्या वर, १९४५ मध्ये विमानांनी काही तासात बुडवलं. आज कोणत्याच नेव्हीत बॅटलशिप चालू नाही, फक्त गेममध्ये आहे.

आता पाणबुडी. हिच्याबद्दल मी वाचून नाही, पाहून सांगतो. आपल्या झाडीपट्टीवाल्यांना समुद्र म्हटला की मुंबई आठवते, पण नकाशा काढून पाहा, भंडारा-गडचिरोलीवरून विशाखापट्टणमचा समुद्र जास्त जवळ आहे, अन् वैनगंगेचं पाणी पण शेवटी प्राणहिता-गोदावरीतून तिकडच्याच बंगालच्या उपसागरात जाते. तं विशाखापट्टणमला बीचवर कुरसुरा नावाची निवृत्त पाणबुडी उभी करून ठेवली आहे, ९१ मीटर लांब, तिकीट काढून आत जाता येते. बाहेरून भली मोठी दिसते. आत गेलो तं एक अरुंद गल्ली, दोन माणसं समोरासमोर आली तं एकाला भिंतीला चिकटावं लागते, एका भागातून दुसऱ्यात जायला गोल भोक, आधी पाय टाका मग डोकं, मी उलटं केलं अन् कपाळ आपटून घेतलं. टॉर्पेडोच्या बाजूलाच झोपायच्या फळ्या. स्वयंपाकाची जागा आमच्या घरच्या देवघराएवढी. अन् पाइपा, चाकं, घड्याळं, एवढी की कुठं हात ठेवावा समजत नाही. सोबत आलेला मित्र दहा मिनिटात म्हणे, चल बा बाहेर, जीव घाबरते.

साध्या पाणबुडीचं दुखणं एकच, श्वास. डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली हवा नाही, म्हणून खाली असताना ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वरच्या पाण्याजवळ येऊन एक नळी बाहेर काढायची, हवा ओढायची, डिझेल चालू करून बॅटरी चार्ज करायची. तोच वेळ धोक्याचा, नळी दिसते, आवाज होते, अन् वरून विमान फिरत असलं तं सापडली. म्हणून पाणबुडीवाले बॅटरी कंजूषपणानं वापरतात, हळूहळू चालतात. आपल्या कलवरी जातीच्या सहा पाणबुड्या अशा आहेत, माझगाव डॉकमध्येच बनलेल्या, साधारण ६७ मीटरच्या. त्यातल्या एकीचं नाव खांदेरी, शिवाजी महाराजांच्या समुद्रातल्या किल्ल्यावरून.

अणुऊर्जेवरच्या पाणबुडीला हे दुखणं नाही. अणुभट्टीला हवा लागत नाही, ती महिनोन्महिने खाली राहू शकते, वर यायला लागलंच तं आतला किराणा संपला म्हणून. आपली अरिहंत २०१६ मध्ये अन् अरिघात २०२४ मध्ये आली. या टॉर्पेडो मारत फिरायला नाहीत, यांच्यात अण्वस्त्राची क्षेपणास्त्रं असतात. हिशेब असा की समजा कोणी आपल्यावर आधी अणुबॉम्ब टाकला, जमिनीवरचं सगळं उडवलं, तरी समुद्रात कुठंतरी एक पाणबुडी चूप बसली आहे अन् ती परत मारणार, हे समोरच्याला माहीत असते, म्हणून तो टाकतच नाही. म्हणजे या जहाजाचं काम काय, तं कुठं आहे ते कोणाला न समजू देणं.

विमानवाहू घ्यावं का पाणबुड्या घ्याव्या यावर मोठे लोक भांडतात. विक्रांतला २० हजार कोटींच्या आसपास लागले. तिसरं पाहिजे म्हणणारे म्हणतात की दोनातलं एक नेहमी दुरुस्तीत असते, ते खरंच आहे, ट्रॅक्टर ऐन रोवण्यातच गॅरेजला जातो हा सगळ्यांचा अनुभव. मला विचाराल तं मी पाणबुडीच्या बाजूनं, पण कुरसुरा पाहून आल्यावर तिच्यात बसणाऱ्या माणसाच्या बाजूनं पहिले.

बाकीची झटपट सांगतो. फौज, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं असतात, आपलं जलाश्व त्यातलं मोठं, अमेरिकेकडून जुनं घेतलेलं. लॉकडाऊनमध्ये मे २०२० ला त्यानंच मालदीवमध्ये अडकलेले ६९८ लोक पहिल्या खेपेत कोचीला आणले. सुरुंग काढणारी जहाजं वेगळी, ती लाकडाची नाही तं फायबरची करतात, कारण काही सुरुंग लोखंड जवळ आलं की फुटतात. समुद्राचा तळ मोजणारी संधायकसारखी सर्वेक्षण जहाजं, ती नकाशे बनवतात म्हणून बाकीची खडकावर चढत नाहीत. अन् तरंगिणी, शिडाचं जहाज, नव्या अधिकाऱ्यांना वारा-पाणी ओळखायला शिकवते.

शेवटचं टँकर. गाईडमध्ये याची एक ओळ असते, अन् माझ्या मते सगळा ताफा याच्यावर उभा आहे. युद्धनौका पळवली की डिझेल असं पिते की थोड्याच दिवसात बंदर पाहावं लागते. म्हणून दीपक अन् शक्ती ही आपली २७ हजार टनांची टँकर ताफ्याच्या मागं जातात, डिझेल, विमानाचं इंधन, पाणी, भाजीपाला घेऊन. जहाज थांबवून भरत नाहीत, थांबलं तं पाणबुडीला आयतं. दोन्ही जहाजं बाजूबाजूनं, तीस-चाळीस मीटरचं अंतर ठेवून, एकाच वेगानं चालतात, बंदुकीनं बारीक दोरी इकडून तिकडं मारतात, तिला धरून जाड दोर, मग पाइप. मधल्या चिंचोळ्या जागेतलं पाणी जोरात पळते अन् दोन्ही जहाजांना एकमेकाकडे ओढते, त्यामुळं सुकाणूवाल्याची नजर हलली की टक्कर. हे तासन् तास चालते, लाटांत, रात्री पण.

चिल्कावाला पोट्टा मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, सुटीवर आला होता. कोणत्या जहाजावर आहे ते त्यानं नाही सांगितलं, सांगायचं नसते, एवढंच म्हणाला की भाऊ, टँकर आहे. काकू बाजूलाच उभ्या होत्या. "म्हणजे एवढी दौड काढून शेवटी पेट्रोल पंपावरच लागला म्हणा न," त्या म्हणाल्या. पोट्टा हसला, दोन्ही हात पुढं केले, तळव्यांवर दोरानं पडलेले घट्टे होते, आमच्या नांगरवाल्यांच्या हातावर असतात तसेच, अन् काकूंनी ते हात धरूनच ठेवले.